झाकलेलं पान

"माझाच हात लागला असन कुठीतरी," कौशल्याकाकू म्हणाल्या, आणि तेजस्विनीने मान हलवली.

झालं एवढंच. दसऱ्याचा दुसरा दिवस होता. दुखवट्याच्या घरी सोनं नेत नाहीत, पण पाया पडून ये, असं आईने दोनदा बजावलं म्हणून ती समोरच्या घरी गेली होती. काकू मागाच्या खोलीत खाली बसल्या होत्या, मांडीवर बाबूलालकाकांचा फोन. काका पोळ्यानंतर लगेचच गेले. तेव्हापासून माग पांढऱ्या कापडाने झाकलेला होता, कारण या गल्लीत ज्या मागावरचा माणूस गेला तो माग दसऱ्याची पूजा होईपर्यंत कोणी उघडत नाही, आणि घरात तयार साड्या असल्याच तर त्या गाठोड्यात बांधून नजरेआड ठेवतात. काल पूजा झाली, कापड निघालं. मग काकूंनी ट्रंकेतला फोन काढून चार्ज केला आणि त्यावरचं साड्यांचं पान उघडायला गेल्या. "पाय ना तेजू, मले काही समजून नाही रायलं. माग उघडला, म्हटलं पान बी उघडावं. तं पानच नाही." तेजस्विनीने फोन हातात घेतला. पडद्यावर एकच ओळ होती: हे पान उपलब्ध नाही. ती ओळ केव्हा येते आणि कशाने येते, हे तिला घराच्या जिन्यासारखं पाठ होतं. तेवढ्यात काकूंनी ते हाताचं वाक्य म्हटलं, आणि तिने मान हलवली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "पाहते मी," एवढं बोलून चहा न घेताच उठली.

जिना चढून ती आपल्या खोलीत आली, लॅपटॉप उघडला आणि नुसतीच बसली. मान हलवायला काय लागतं? पण आता ती हललेली मान तिला दिसत होती, दुसऱ्या कोणाची असावी तशी, लांबून. या गल्लीत यंत्र अडलं की बाईमाणूस आधी आपलाच हात मागे घेतं. मिक्सर बंद पडला, टीव्हीवर मुंग्या आल्या, एसटीच्या तिकिटाच्या मशीनमधून कागद निघाला नाही, तरी समोर उभी असलेली बाई ओशाळी होऊन म्हणणार, माझ्यानंच झालं काय जी? लहानपणापासून तेजस्विनीला या सवयीचा राग यायचा. आई तसं बोलली की ती फिस्कारायची, "तुझ्यानं काहून होईन? मशीनच खराब आहे." आणि आज तोच समज तिने अलगद उचलून पदरात बांधून घेतला होता, कारण आज तो तिच्या कामाचा होता. मेली लाज आधी यायला हवी होती, ती जिना चढल्यावर आली.

तिचं काम कोणाला सांगायला अवघड होतं. आई शेजारणींना सांगायची, आमची तेजू कम्प्युटरची मास्तरीण आहे, आणि गंमत म्हणजे ते बरोबरच होतं. पुण्याच्या ज्या कंपनीसाठी ती इथूनच, घरून काम करायची तिने 'पानघर' नावाची एक सोय काढली होती. छोट्या दुकानदारांनी, विणकरांनी, डबेवाल्या बायांनी आपापलं एक पान त्यात मांडायचं, त्यावर मालाचे फोटो लावायचे. अशी हजारो पानं झाली, ती बघायला माणसं पुरेनात, म्हणून ते काम एआय एजंटांकडे गेलं. न दिसणारे कारकूनच ते. पान लावणं, हलवणं, झाकणं, काढून टाकणं, सगळं तेच करायचे, आणि कसं करायचं ते तेजस्विनीने लिहिलेल्या सूचना वाचून करायचे. प्रत्येक कामासाठी ती लिहायची: हे केल्याने काय होतं, हे केव्हा करावं, केव्हा करू नये, आणि कोणत्या वळणावर थांबून माणसाला विचारावं. तिचा हात त्यात चांगला बसला होता. वाचणाऱ्याला काहीच ठाऊक नाही असं धरून, न कंटाळता, न रागावता, एकच गोष्ट तीन बाजूंनी समजावून सांगायची. पुण्यात तिच्या सूचनांचं कौतुक व्हायचं. एवढा धीर तिने आईला मोबाइल शिकवताना कधी दाखवला नव्हता. आईला शिकवताना तिसऱ्या मिनिटाला ती फोन हिसकावून घ्यायची आणि म्हणायची, आण इकडे, मीच करून देतो.

'केव्हा करू नये'. तिथेच सगळं होतं. ती सूचना तिने पावसाळ्याच्या सुरुवातीला लिहिली, अजून तिला शब्दन् शब्द आठवत होता. इंग्रजीत होती, पण आता ती तिच्या कानात आपल्याच भाषेत वाजत होती: पानावर फोटो नाही, मजकूर नाही, महिनाभर हालचाल नाही, तर ते पान सोडून दिलेलं समजावं. मालकाला दोनदा विचारावं. उत्तर न आल्यास पान काढून टाकावं आणि पाठोपाठ कचरापेटीही रिकामी करावी. कचरापेटीचं शेपूट तिने स्वतःहून जोडलं होतं. अर्धवट काम तिला आवडत नसे. खाली 'केव्हा करू नये' ही चौकट मात्र कोरी होती. कॉलवर सगळे असताना भूषणने, म्हणजे तिच्या वरिष्ठाने, नेमकं तेच विचारलं होतं. भूषण माणूस वाईट नाही, विचारायचा तेव्हा खरंच विचारायचा. "तेजस्विनी, रिकामं पान जिवंत असू शकतं का? एखादं उदाहरण सुचतंय?" आणि तिला सुचलं होतं. सुचलं काय, जिभेवर आलं होतं. सुतक. आमच्याकडे घरात कोणी गेलं की माग झाकतात, आणि आता पानही झाकतात. ओठ उघडले होते तिचे. मग तिला पडद्यावरचे ते चौकोन दिसले, एकेकाच्या मागे पुस्तकांची कपाटं, कुंड्या, आणि ती म्हणाली, "नाही, असं काही सुचत नाहीये." सुचत नाहीये! शुद्ध, स्वच्छ, पुण्याच्या पाण्यात धुतलेलं वाक्य. घरी ती 'नाही सुचून रायलं' म्हणाली असती.

कशाची भीती होती? कोणी तिला खाल्लं नसतं. फार तर हसले असते, आणि तेही प्रेमानं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात ती कॉलवर एकदा बोलून गेली होती, "मी करून राहिली आहे ते काम," आणि सगळे हसले होते, दामिनी नावाची एक मुलगी तर म्हणाली होती, किती गोड बोलतेस गं, अजून बोल ना. गोड. त्या दिवसापासून तिने जीभ विंचरायला घेतली. दिवाळीला काय करता तुमच्याकडे, असं कोणी विचारलं तरी ती मोघम बोलायची. पितळेच्या दुकानांची ठोकठोक कॉलमध्ये ऐकू येऊ नये म्हणून ती भर उन्हाळ्यात खिडकी लावून बसायची. भंडारा म्हणजे कुठे, असं विचारलं की नागपूरजवळ, एवढंच. वैनगंगा सांगायची नाही, तलाव सांगायचे नाहीत, समोरच्या घरात बाबूलालकाका करवती काठाच्या साड्या विणतात हे तर नाहीच नाही. आणि सुतक! सुतक म्हटलं असतं तर ते हसलेही नसते. समजून घेतल्यासारखा चेहरा केला असता. तो तिला हसण्यापेक्षा नको होता. म्हणून चौकट कोरी राहिली, आणि कोरी चौकट वाचून एजंटाला काय कळणार? कधीच थांबू नये, हेच.

आणि पान झाकता येतं हे काकूंना दाखवलं कोणी? तिनेच. काकांची आई गेली त्या वर्षी काकू फोन घेऊन आल्या होत्या, "तेजू, मागावर कापड टाकलं, पण हे पान तसंच उघडं आहे. लोक पायतात. सुतकात लुगडे मांडून बसल्यासारखं वाटते मले." तिने चटकन बटण दाखवलं होतं. हे दाबा, सगळे फोटो आत जातील, पान रिकामं दिसेल. पुन्हा दाबलं की बाहेर येतील. काकू इतक्या खुलल्या होत्या, की कापड टाकताना करतात तसा त्यांनी आधी फोनला नमस्कार केला आणि मग बटण दाबलं. तेजस्विनीला तेव्हा हसू आलं होतं, आणि त्या हसण्यात थोडा दामिनीचा आवाजही होता, हे आज लक्षात आलं. या खेपेला काकूंनी कोणाला न विचारता स्वतःच ते बटण दाबलं. मग फोन बंद करून ट्रंकेत ठेवला, कारण त्यावर काकांना विचारणारे फोन यायचे. एजंटाने दोनदा विचारलं ते त्या ट्रंकेला.

एक गोष्ट ती टाळत होती. टाळून टाळून ती तिथेच आली. ते फोटो. काका साडी मागावरून उतरवली की गिऱ्हाइकाला देण्याआधी दाराशी उजेडात धरायचे आणि काकू फोटो काढायच्या. पदराचं टोक धरलेला काकांचा अंगठा प्रत्येक फोटोत यायचा. जाड, नखाशी चिरलेला, रंगाने कधी जांभळा तर कधी हिरवट. तेजस्विनीने किती वेळा सांगितलं, काका, हात बाहेर ठेवा ना, नाहीतर मी तो कापून देते फोटोतून. काका म्हणायचे, "राहू दे न बाई. हवेत लटकून हाय काय लुगडं?" साड्या गेल्या नागपूरला, रायपूरला, कुठल्या कुठल्या लग्नांत. काकांकडे विणून झालेली एकही उरली नाही, विणकराच्या घरी उरत नसतेच. उरले होते ते फोटो, सगळे त्या पानावर. फोनमध्ये का नव्हते? फोन भरतो म्हणून काकांची कुरकुर होती, आणि तिनेच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, पानावर चढवलं की फोनमधून काढून टाका, पानावर काही होत नाही. काका तिचं ऐकायचे. शिकलेल्या पोरीचं ऐकावं असं त्यांना मनापासून वाटायचं. ती उठली, खिडकी उघडली, पुन्हा लावली. ठोकठोक आत आली आणि बाहेर गेली. कपाळ काचेला टेकवून ती उभी राहिली.

मग तिने नोंद शोधली. एजंट जे करतो ते लिहून ठेवतो. दसऱ्याच्या अलीकडच्या आठवड्यातली ती नोंद सापडायला वेळ लागला नाही. पान रिकामे आहे. मालकाला दोनदा विचारले, उत्तर नाही. सूचनेनुसार पान काढले, कचरापेटी रिकामी केली. शंका नाही. ते शेवटचे दोन शब्द तिने पुन्हा पुन्हा वाचले. त्याच्यावर रागावावं असं तिला फार वाटलं, पण रागाला धरायला जागा मिळेना. त्याने सांगितलं तेवढं केलं होतं, आणि दोनदा विचारलंही होतं. शंका तिला होती. तिने ती लिहिली नव्हती. तिने भूषणला फोन लावला, काही परत मिळेल का विचारलं. तो बराच वेळ शोधत होता, कीबोर्डचा आवाज येत होता. "नाही गं," तो म्हणाला, "कचरापेटी रिकामी झाली की संपलं. पण असं एखादं होणारच. कोणाला माहीत असणार, की लोक दुःखात पान झाकून ठेवतात? तू आता लिहून टाक ना चौकटीत." तेजस्विनी म्हणाली, "मले माहीत होतं." "काय म्हणालीस?" "मला माहीत होतं," ती म्हणाली. "तू विचारलंस तेव्हाही माहीत होतं." भूषण म्हणाला, "होतं असं कधी कधी," आणि त्या मवाळ आवाजाने तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोणीतरी खडसावलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दुपारी तिने चौकट भरली. भराभर लिहिली, एका बैठकीत, आणि या वेळी कोणासाठी जीभ विंचरली नाही. रिकामं पान म्हणजे सोडलेलं पान नव्हे. काही घरांत माणूस गेल्यावर सुतक पाळतात, काम, माग झाकून ठेवतात, ते सण होईपर्यंत झाकलेलं असतं. मालकाचा फोन बंद असेल, कारण कदाचित मालकच गेला असेल. अशा पानाला हात लावू नये. विचारायचं झालं तर 'पान काढू का' असं विचारू नये, 'घरी सगळं ठीक आहे ना' असं आधी विचारावं. लिहून झालं, आणि तिला स्वतःची किळस आली. ज्याला काही सुखदुःख आहे की नाही ठाऊक नाही, त्याला तिने सगळं खरं सांगितलं होतं. ज्या बाईचं गेलं ती गल्लीच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, आपल्या हाताला दोष देत बसली होती.

तरी ती सांगायला गेली नाही. गेली ती नवीन पान करून द्यायला. काकूंच्या स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या नावाने. "जुनं नाही येत काय वापस?" काकूंनी विचारलं. "नाही येत, काकू." "माझाच हात," असं काकू पुन्हा पुटपुटल्या, आणि या वेळी तिने मानही हलवली नाही, खाली बघून अक्षरं टाकत राहिली. काकू काही कटकट करणाऱ्या नव्हत्या. त्या मागावर बसू लागल्या होत्या. आजवर त्यांनी कांड्या भरल्या, ताणा लावला, पण मागावर काका बसायचे. आता त्यांनी सोडलेली अर्धी साडी काकू पुरी करत होत्या. सकाळी खिडकीतून मागाच्या धोट्याचा आवाज यायचा, अडखळत, थांबत, काकांसारखा सलग नाही. तेजस्विनी कॉलवर असली की ती आता खिडकी उघडी ठेवायची. दामिनीने विचारलंच, हा आवाज कसला? "समोर माग चालू आहे," ती म्हणाली. याने काही फिटत नव्हतं हे तिला कळत होतं. रोज ठरवायची, आज सांगू. रोज गल्ली ओलांडायच्या आधी आईला काहीतरी आणायचं आठवायचं आणि ती गांधी चौकाकडे वळायची, कोथिंबीर घेऊन परत यायची. आई वैतागली. "कायले आणून रायली एवढी कोथिंबीर? गाय बांधली काय घरात?"

साडी उतरली त्या दिवशी काकूंनीच ओट्यावरून हाक मारली. फोटो काढायचा असेल असं समजून ती गेली. काकू फोन पुढे करून उभ्या होत्या, चेहऱ्यावर कित्येक दिवसांत नव्हतं तसं काहीतरी. "हे वाच. मले आलं." नवीन पान अजून रिकामंच होतं, म्हणून एजंटाने निरोप पाठवला होता. घरी सगळं ठीक आहे ना? आपलं पान रिकामं दिसतं. घरात सुतक असेल किंवा माग बंद असेल तर आम्ही पानाला हात लावणार नाही. आपल्याला वाटेल तेव्हा उघडा. "मशीनीले सुतक कसं समजलं, तेजू?" काकू म्हणाल्या. "मी दोनदा वाचलं. इतके लोक आले गेले, पण मागाचं कोणी नाही विचारलं. कोणीतरी आपल्याकडलंच असन तिथी. चांगल्या घरचं असन. त्यानं शिकवलं मशीनीले." तेजस्विनीच्या तोंडात हो तयार होतं. मीच ते, काकू. खोटं काहीच नव्हतं त्यात. काकूंनी तोंडावरून हात फिरवला असता, आईला जाऊन सांगितलं असतं, आणि ते जन्मभर तसंच चाललं असतं. निम्मं खरं इतकं गोड असतं हे तिला तोवर माहीत नव्हतं.

"मीच लिव्हलं ते," ती म्हणाली. काकूंचा चेहरा उजळायच्या आत तिने पुढचं बोलून टाकलं, नाहीतर ते कधीच निघालं नसतं. "आधीचं बी मीच लिव्हलं होतं. रिकामं पान दिसलं तं काढून टाकाचं, हे मीच शिकवलं होतं मशीनीले. तुमचा हात नाही लागला, काकू. माझा लागला."

"तुले त माहीत होतं," काकू सावकाश म्हणाल्या. "झाकाचं बटण तूच दाखवलं."

"माहीत होतं."

"मंग नाही सांगतलं काहून त्याइले?"

"लाज वाटली."

"कायची?"

तेजस्विनीला वाटलं, इथे काहीतरी सोपं म्हणता येईल. नोकरीचं, घाईचं. "तुमची," ती म्हणाली. "माझ्या मायची. या गल्लीची. पुण्याच्या लोकाइसमोर सुतक म्हणाची लाज वाटली मले."

काकूंनी फोन कमरेला खोचला. रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. आत मागाच्या खोलीत गेल्या. ती ओट्यावर उभी राहिली, जावं की थांबावं कळेना. समोरून आईने विचारलं, काय झालं गं, आणि तिने हातानेच थांब म्हटलं. काकू बाहेर आल्या तेव्हा हातात साडी होती. दाराशी, उजेडात, त्यांनी ती उलगडली. अर्ध्यापर्यंत वीण घट्ट, एकसारखी. मग जिथून काकांचा हात सुटला आणि काकूंचा लागला तिथून ती सैल झालेली, काठ किंचित वाकडा. लपवायचा काही प्रयत्न नव्हता. "त्याइचे फोटो येत नाही म्हणतं," काकू म्हणाल्या.

"नाही येत."

"धर मंग."

पदराचं टोक त्यांनी तिच्या हातात दिलं. तिने दोन्ही हात वर करून साडी धरली, काका धरायचे तशी, आणि काकू फोन डोळ्यांसमोर धरून मागे मागे सरकल्या. हात भरून आले तरी ती हलली नाही. फोटो निघाला. काकूंनी तो पाहिला, मग तिच्यासमोर धरला. साडी पूर्ण आली होती, घट्ट भाग, सैल भाग, सगळं. वरच्या कोपऱ्यात तिचा अंगठा होता, गोरा, नखाला फिकं गुलाबी लावलेला, कोणतंही काम न केलेला.

"माझा अंगठा आला," ती म्हणाली. "दुसरा काढू काय? नाही तं हा कापून टाकतो."

"राहू दे," काकू म्हणाल्या. "कोणी धरलं होतं ते दिसलं पाह्यजे."

तिने तो फोटो तसाच पानावर चढवला. फोनमधूनही काढला नाही.